स्टेपनी कुठे आणि कशी बसवायची: सह्याद्रीत फिरणाऱ्या फोर बाय फोरसाठी

डांबरी रस्त्यावर टायर बहुतेक वेळा ट्रेडमधून, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातून जातो. खिळा घुसतो, हवा हळूहळू उतरते, दहा मिनिटांत प्लग मारून आपण पुढे निघतो. कच्च्या वाटेवर तो जातो साइडवॉलमधून, म्हणजे बाजूच्या भिंतीतून. मुळशी, वेल्हे, ताम्हिणीच्या आडवाटांवर काळ्या कातळाचे कंगोरे असतात, खाली कोकणात उतरलं की जांभ्याचे. पकड मिळावी म्हणून आपण हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवलेली असते. त्यामुळे साइडवॉल बाहेर फुगते आणि नेमकी तीच दगडाच्या धारेवर घासते. तिथे बोटभर चीर पडली की प्लगचा उपयोग नाही. सरळ चाकच बदलायचं.

म्हणून या वाटांवर स्टेपनी लागतेच. मोटार वाहन नियमांत २०२० साली झालेल्या बदलानुसार टायर-प्रेशर मॉनिटर आणि दुरुस्ती किट असलेल्या गाडीला स्टेपनीची सक्ती राहिली नाही. ती सवलत शहरासाठी ठीक आहे, पण फाटलेल्या साइडवॉलपुढे किट काहीच करू शकत नाही.

स्टेपनी कशी न्यायची याचा निर्णय मी दोन प्रश्नांवर घेतो. गाडी खड्ड्यात आदळली की ते वजन नेमकं कोण पेलतं, चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा) की पत्रा? आणि गाडी जिथे, जशी अडकेल तिथे ते चाक एकट्या माणसाला खाली काढता येईल का? बाजारातला कॅरिअर कितीही देखणा असो, या दोन प्रश्नांना समाधानकारक उत्तर नसेल तर तो घेऊ नका.

आधी हातात काय आहे ते बघा

स्टेपनी पूर्ण मापाची आहे का ते पहिलं तपासा. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेचा स्टिकर असेल तर ती बारीक, तात्पुरती स्टेपनी आहे. कच्च्या वाटेला ती चालणार नाही.

त्यानंतर मापं जुळवा. चार टायर मोठे घातलेले आणि स्टेपनी कंपनीचीच, अशा गाड्या सर्रास दिसतात. एक हिशोब करून बघा. थारच्या १६ इंची रिमवर कंपनीकडून २४५/७५ आर१६ टायर येतो. त्याचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर. त्याच रिमवर २६५/७५ आर१६ घातला की व्यास होतो ८०४. फरक ३० मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास ४ टक्के. एका किलोमीटरला लहान चाक सुमारे १५ फेरे जास्त मारतं. मागच्या ॲक्सलला लॉकिंग डिफरन्शियल (दोन्ही चाकांना एकाच गतीने फिरायला लावणारं) असेल तर त्याला हा फरक सतत सोसावा लागतो. फोर-हायमध्ये (चारही चाकांना जोर) पुढचा आणि मागचा शाफ्ट जोडलेला असतो, त्यामुळे ताण पुढे-मागे जोर वाटणाऱ्या ट्रान्सफर केसपर्यंत जातो. चिखलात चाक थोडं घसरून तो ताण सुटतो, कोरड्या कातळावर सुटत नाही.

यावर सरळ उपाय म्हणजे टायर बदलताना चार नव्हे, पाच घ्यायचे आणि पाचही फिरवत राहायचं. दर ८-१० हजार किलोमीटरला स्टेपनी खाली आणि खालचा एक वर. पाचही सारखे झिजतात आणि स्टेपनी नुसती टांगून म्हातारी होत नाही. नाइलाजाने लहान स्टेपनी लावावीच लागली तर ती पुढे लावा आणि टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांना जोर) हळू चालवत बाहेर पडा. मागचा टायर फाटला असेल तर पुढचं चांगलं चाक मागे आणि स्टेपनी पुढे. काम दुप्पट होतं, पण डिफरन्शियल वाचतं.

रिमचंही बघा. चार अलॉय आणि स्टेपनी स्टीलची असेल तर नटांची बैठक वेगळी असू शकते. अलॉयचे नट स्टीलच्या रिमवर पूर्ण बसतात का, हे घरी एकदा चाक लावूनच कळेल. बसत नसतील तर स्टीलसाठीचे नट पिशवीत घालून गाडीत ठेवा. अलॉयला लॉक-नट असतील तर त्याची किल्लीही त्याच पिशवीत हवी.

शेवटी, वजन करा. घरच्या वजनकाट्यावर आधी तुम्ही एकटे, मग चाक कवेत घेऊन. थार, गुरखा, स्कॉर्पिओ-एन यांच्या वर्गातलं चाक रिमसकट २५ ते ३५ किलोच्या दरम्यान भरतं. जिम्नीचं १९५/८० आर१५ बरंच हलकं. स्टीलच्या रिमवर ३५ इंची मड-टेरेन (चिखलासाठीचा जाड खाचांचा टायर) घातला तर आकडा ४५ च्या पुढे जातो. हे वजन स्थिर असतानाचं. गाडी आदळते तेव्हा तीनपट धक्का बसला, तर ३० किलोचं चाक आपल्या कंसाला (चाक टांगलेल्या ब्रॅकेटला) ९० किलोच्या जोराने ओढतं, आणि वाटेवर हे दिवसभर चालू असतं.

जागा कुठली

मागचं दार ही सगळ्यात रुळलेली जागा. थार, जिम्नी, गुरखा, बोलेरो या सगळ्यांत स्टेपनी दारावरच येते. चिखलात असो की पाण्यात, चाक छातीच्या उंचीवर, समोर असतं. नट काढले की हातात. कंपनीच्या मापाचा टायर असेल तर या जागेत काही बदलायची गरज नाही. दाराच्या बिजागऱ्या त्या वजनाचा विचार करूनच बनवलेल्या असतात. अडचण सुरू होते ती टायर मोठा झाल्यावर.

गाडीच्या पोटाखालची जागा स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, हायलक्स, व्ही-क्रॉस यांत दिसते. वजन खाली आणि चेसिसला, मागची काच मोकळी. पहिल्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर नाही. दुसऱ्या प्रश्नावर मात्र ही जागा नापास होते, निदान पावसाळ्यात. ताम्हिणीकडच्या एका आडवाटेवर एका पिकअपचं मागचं चाक फाटलेलं मी पाहिलं आहे. बंपरच्या भोकातून दांडा घालून चाक टांगणारी विंच फिरवायची, तर त्या भोकात तांबडा चिखल सिमेंटसारखा घट्ट बसला होता. तो स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढला, साखळी उतरवली, चाक जमिनीला टेकलं आणि तिथेच अडकलं. मागचा टायर बसल्यामुळे गाडीची शेपटी इतकी खाली आली होती की चाक आडवं बाहेर सरकेना. शेवटी आधी गाडी जॅकवर उचलावी लागली आणि मग दोघांनी चिखलात झोपून स्टेपनी ओढली.

तुमच्या गाडीत स्टेपनी खाली असेल तर गाडी बदलायला नको, शिस्त मात्र हवी. महिन्यातून एकदा चाक पूर्ण खाली उतरवा, विंचची केबल किंवा साखळी ब्रशने साफ करून ग्रीस लावा, दांड्याच्या भोकाला रबरी बूच बसवा. चाक वर घेताना विंच पूर्ण आवळली की चाक हाताने हलवून बघा, जराही हलता कामा नये. ढिलं राहिलेलं चाक केबलला कापत राहतं. आणि मोठ्या मोहिमेला निघताना, उदाहरणार्थ स्पितीला, ते चाक सरळ वर हौद्यात घ्या.

छतावरची जागा मला आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. ३० किलो वजन जमिनीपासून पावणेदोन-दोन मीटर उंचीवर गेलं की बाजूच्या उतारावर गाडी लवकर कलते. घाटातल्या वळणावरही ते जाणवतं. छताची भारमर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते आणि त्यात कॅरिअरचं वजनही धरायचं असतं, हे बरेच जण विसरतात. सॉफ्ट-टॉपला तर हा पर्यायच नाही. तरीही दुसरी, जादा स्टेपनी न्यायची असेल तर छत हा एक मार्ग उरतो. ती कशी बांधायची ते पुढे सांगतो.

गाडीच्या आत चाक ठेवणार असाल तर एक आकडा लक्षात ठेवा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर आतल्या सैल वस्तूला तिच्या वजनाच्या सुमारे वीसपट जोर येतो. ३० किलोचं चाक ६०० किलोच्या जोराने पुढच्या सीटवर आदळेल. म्हणून आतलं चाक नुसतं ठेवायचं नाही. फ्लोअरला, जमलं तर चेसिसपर्यंत गेलेल्या बोल्टने, मधल्या भोकातून प्लेट टाकून आवळायचं. सीटबेल्टच्या जुन्या पट्ट्याने बांधलेलं चाक हे बांधलेलं चाक नव्हे.

दारावर मोठा टायर चढवताना

टायर एक माप मोठा झाला की दोन गोष्टी बदलतात. वजन वाढतं, आणि रुंद टायर दाराला आधी टेकतो किंवा रिम कंसावर नीट बसत नाही. काम या क्रमाने करा.

जुनी स्टेपनी काढा आणि रिकामा कंस नीट बघा. वेल्डच्या कडेने रंगाला केसासारखी चीर असेल, गंजाची तांबडी रेघ ओघळलेली असेल, तर खाली धातूला भेग गेलेली असण्याची शक्यता मोठी. ते नीट केल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दार अर्धं उघडा, बाहेरचा काठ दोन्ही हातांनी धरून वर उचला. बिजागरीत खडखड जाणवली तर पिन किंवा बुश झिजले आहेत. मोठ्या चाकाआधी ते बदला. थार आणि जिम्नीसाठी बिजागरीला जोड देणाऱ्या जाड प्लेटा बाजारात मिळतात. त्या दाराचा भार जास्त जागेवर पसरवतात, चांगल्या गोष्टी आहेत. पण प्लेट पत्र्यालाच स्क्रूने बसत असेल तर तिचा फायदा थोडाच. बिजागरीच्या मूळ बोल्टखालून जाणारी घ्या.

नवीन चाक स्टडवर चढवा आणि नट हाताने आवळा. आता टायर आणि दार यांच्यामधले रबरी ठोकळे बघा. टायरने ते किंचित दाबलेले असले पाहिजेत. अंतर राहिलं तर चाक प्रत्येक धक्क्याला आत-बाहेर हलतं आणि कंस तुटतो. उलट टायर आधीच दारावर घट्ट बसला आणि रिम कंसापर्यंत पोहोचली नाही, तर स्पेसर लागेल. स्पेसर एकाच धातूच्या तुकड्याचा घ्या. वॉशरची चळत चालत नाही. स्पेसर घातल्यावर नटाला स्टडचे पुरेसे आटे मिळतात का ते मोजा, स्टडच्या जाडीइतके तरी आटे नटात गेलेले हवेत.

नट एकाआड एक आवळा. मग चाकाला घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी धरून जोराने हलवा. पूर्ण गाडी हलली पाहिजे, एकटं चाक नाही.

दार बंद करताना चौकटीच्या रबरी टेकूवर वर्तमानपत्राची पट्टी ठेवा आणि दार लावून ती ओढा. पट्टी सहज निघाली तर दार टेकूवर बसलेलं नाही, सगळा भार बिजागरी आणि कुलपावर आहे. टेकू फिरवून बाहेर घ्या आणि पट्टी घट्ट धरली जाईपर्यंत जुळवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दाराच्या खडखडाटाची निम्मी प्रकरणं यातच मिटतात.

बंपरवरचा झुलता कॅरिअर

३३ इंचांच्या पुढे गेलात की दाराला विश्रांती द्या. भार थेट चेसिसला देणारा, बंपरवर बाजूला उघडणारा कॅरिअर हा योग्य मार्ग. पण तोही मोफत येत नाही. तीन दारांच्या थारचा व्हीलबेस २४५० मिलिमीटर आहे. कॅरिअर, ४५ किलोचं चाक आणि डिझेलचा भरलेला २० लिटरचा कॅन मिळून १०० किलो धरा, आणि तो भार मागच्या ॲक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे. तरफेच्या हिशोबाने पुढच्या ॲक्सलवरून सुमारे ३७ किलो उचलले जातात. खड्या चढावर, जिथे पुढच्या चाकांना पकड हवी असते, तिथेच गाडी हलकी होते. शिवाय मागे लांबी वाढली की ओढ्यातून वर येताना शेपटी आधी टेकते. म्हणून कॅन आत घ्या आणि कॅरिअरवर फक्त चाक राहू द्या. मागच्या सस्पेन्शनलाही या वजनाला साजेशी स्प्रिंग लागेल.

फॅब्रिकेटरकडून करून घेत असाल तर त्याच्या शेजारी उभं राहून चार गोष्टी बघा. ज्यावर कॅरिअरचं उघडणारं फाटक फिरतं तो खुंटा बंपरच्या वरच्या पत्र्यावर चिकटवलेला नको, तो बंपरच्या आरपार जाऊन वर आणि खाली दोन्हीकडे वेल्ड झालेला हवा. आत टेपर बेअरिंग आणि बाहेर ग्रीस निप्पल हवं, नुसत्या पाइपात पाइप घातलेला नको. कुलूप दोन टप्प्यांचं हवं: एक आवळणारा क्लॅम्प आणि तो सुटला तरी फाटक धरून ठेवणारी वेगळी पिन. चौथी गोष्ट, उघड्या फाटकाला अडवणारी पिन किंवा गॅस-स्ट्रट. उतारावर उभ्या गाडीचं ५० किलोचं फाटक वाऱ्याने किंवा वजनाने परत फिरलं तर मधल्या माणसाचा हात जातो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला लावा, नाहीतर ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) झटका बसू शकतो.

छतावर बांधायची असेल तर

कॅरिअरच्या पट्ट्यांवर चाक आडवं, दोन ॲक्सलच्या मध्ये येईल असं ठेवा. रॅचेट पट्टे दोन, एकमेकांना छेद देणारे, आणि दोन्ही रिमच्या स्पोकमधून ओवलेले. टायरवरून नुसता टाकलेला पट्टा हवा कमी-जास्त झाली की ढिला पडतो. स्पोकची कडा धारदार असेल तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये घाला. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या म्हणजे वाऱ्यात तो गुणगुणत नाही. पहिल्या अर्ध्या तासाने थांबून पुन्हा आवळा. पट्टे उन्हाने कुजतात, रंग उडालेला किंवा कडेने दोरे सुटलेला पट्टा टाकून द्या. आणि एक दोर वरच ठेवा, खाली उतरवताना चाक त्याला बांधून सोडता येतं. डोक्यावरून ३० किलो उतरवताना पाठ धरण्याची भीती खरी आहे.

हवा, वय आणि झाकण

स्टेपनीत हवा नेहमीपेक्षा ४-५ पीएसआय जास्त ठेवा. कमी करणं एका मिनिटाचं काम, भरायला कॉम्प्रेसर लागतो. टायरच्या कडेला लिहिलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. व्हॉल्व्ह बाहेरच्या बाजूला येईल असं चाक बसवा, नाहीतर महिन्याची तपासणी कधीच होणार नाही.

साइडवॉलवर डॉट मजकुराच्या शेवटी चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. न चाललेला टायरही उन्हाने कडक होतो. पाच-सहा वर्षं झाली की बारीक चिरा शोधा. झाकण घालत असाल तर त्याच्या तळाला पाणी निचरायला भोक आहे ना ते बघा, नाहीतर पावसाळाभर रिम पाण्यात राहते. काही गाड्यांत रिव्हर्स कॅमेरा स्टेपनीच्या मध्यावर असतो, तिथे झाकण कॅमेऱ्यापुरतं कापलेलंच घ्या.

एकदा घरी बदलून बघा

अंगणात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कुणाची मदत न घेता, गाडीसोबतच्या हत्यारांनी एक चाक बदला. सस्पेन्शन उंच केलं असेल तर कंपनीचा जॅक पुरत नाही, हे इथेच कळतं. जिम्नीला दोन्हीकडे आणि थारला मागे सॉलिड ॲक्सल आहे, तिथे जॅक ॲक्सलखाली लावला की थोड्याच उंचीत चाक सुटतं. चिखलासाठी जॅकखाली घालायला फूटभर चौरस जाड प्लायवूडचा तुकडा गाडीत कायम ठेवा.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो. टू-हायमध्ये मागचं एक चाक उचललं की गियरमध्ये ठेवलेली गाडीही सरकू शकते, कारण हवेतलं चाक डिफरन्शियलमधून उलटं फिरतं. म्हणून फोर-लो (चारही चाकांना जोर, सगळ्यात सावकाश गती) लावा, गियर किंवा पार्कमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, आणि उताराच्या बाजूने दोन चाकांना मोठे दगड लावा. त्यानंतरच नट थोडे सैल करा, मग जॅक. काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवा. जॅक घसरलाच तर गाडी त्यावर बसेल, तुमच्या हातावर नाही.

नवीन चाकाचे नट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. फाटलेलं चाक स्टेपनीच्या जागी चढवायचं असतं हे विसरू नका. चिखल भरल्याने ते वर चढवताना जड लागतं. आधी काठीने चिखल पाडा.

कायद्याचं थोडक्यात

स्टेपनीने नंबरप्लेट, टेललाइट किंवा वरचा ब्रेकलाइट झाकला जाता कामा नये. मोठ्या टायरने तिसरा ब्रेकलाइट लपत असेल तर तो वर नेणारा कंस लावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये फेरफारावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असं म्हटलं. बंपर बदलून कॅरिअर लावण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी दोन्हीकडे लेखी विचारून घ्या.

पावसाळा संपल्यावर

ऑक्टोबरात एक सकाळ काढा. स्टेपनी उतरवा, कंस, स्टड आणि बिजागऱ्या पाण्याने धुऊन वाळू द्या. गंज दिसेल तिथे घासून प्रायमर आणि रंग. स्टडच्या आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, पण हे स्टड स्टेपनी टांगण्याचे, चालत्या चाकांच्या स्टडना वंगण लावायचं नाही. झुलत्या कॅरिअरच्या निप्पलमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत नवीन भरा. किनाऱ्यालगत राहत असाल तर खाऱ्या हवेमुळे हेच काम मार्चमध्ये पुन्हा करावं लागेल.